डोळे भरून आले, ते खोटं होतं का?

प्रश्न : अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचं ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) हे छायाचित्र पाहून गलबलून आलं. नंतर कळलं, की निगेटिव्हमध्ये फेरफार केला होता. मग माझ्या रडण्याला अर्थ काय? (वाचक, नाशिक)

उत्तर : फेरफार केवढा, ते आधी पाहा. खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता, तो नंतर पुसट केला. गालाला टेकलेली बोटं, तोंड फिरवून बिलगलेली दोन मुलं, मांडीवरचं तान्हं बाळ जसंच्या तसं आहे. खरा घोळ आहे तो सोबतच्या मजकुरात. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, गारठ्यानं वाटाण्याचं पीक गेलेलं. लँग यांनी चित्रातल्या बाईंचं नाव विचारलंच नाही. गाडीचे टायर विकून अन्न घेतल्याची नोंद मात्र केली. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव पुढे आलं 1978 मध्ये. टायरची गोष्ट घरच्यांनी साफ नाकारली.

आता मजकूर झाकून दोन मिनिटं चित्र पाहा आणि कागदावर तीन रकाने पाडा : दिसतं ते, मला वाटतं ते, कुणी सांगितलं ते. कपाळावरच्या आठ्या पहिल्यात, काळजी दुसऱ्यात, टायर तिसऱ्यात. तिसरा रकाना खोडूनही गलबलत असेल, तर ते तुमचं आहे. मग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्याच भेटीतली इतर छायाचित्रं बघा. दुरून घेतलेल्यात तंबू आणि थोरली मुलगीही आहे. जवळ जाता जाता ती चौकटीबाहेर गेली. आमच्या मते अंगठ्यापेक्षा ही निवड कितीतरी मोठी.

प्रश्न : मुलीकडे व्हिएन्नाला चाललोय. तिनं ‘ला बोएम’ या इटालियन ऑपेराची उभ्यानं बघायची तिकिटं काढायचं ठरवलंय. आम्ही संगीत नाटकांवर वाढलेलो, इटालियन ओ की ठो येत नाही. भिडेल का? (वाचक दाम्पत्य, सांगली)

उत्तर : गुडघे धड असतील तर जरूर जा. चार अंक, संगीत दोन तासांच्या आतबाहेर. मध्यंतरात बसून घ्या. लवकर पोहोचा, जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधा. ती राखलेली समजतात. उशीर झाला तर मध्येच आत घेत नाहीत.

घरी कथानक वाचा आणि पहिल्या अंकातली दोनच गाणी, नायक रोडोल्फोचं आणि नायिका मिमीचं, दोन-तीनदा ऐका. जास्त नको. ध्वनिमुद्रणात माइक गायकाच्या जवळ असतो, नाट्यगृहात माइकच नसतो. म्हणून सुरुवातीला आवाज लहान वाटतो. दहा मिनिटं दम धरा. कसलेल्या गळ्याची ताकद 3000 हर्ट्झच्या (सेकंदाला तितकी कंपनं) आसपास एकवटते, तिथे वाद्यवृंदाचा जोर कमी, म्हणून तो आवाज वाद्यांवरून पार येतो.

नाट्यपदासारखी मोकळी आलापी इथे नसते, स्वर लिहिलेले असतात. आणि ‘वन्समोअर’ची सवय घरी ठेवून जा! टाळी मात्र गाण्यानंतर चालते.

समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येतं. त्यात डोकं घालून बसलं की रंगमंच हातचा जातो. वाक्य एकदा वाचा, नजर वर न्या. शेवटच्या अंकात तर पडदा सोडूनच द्या. पहिल्या भेटीचे सूर परत येतात, म्हणून ती दोन गाणी ओळखीची हवीत. मिमी गेल्याचं आधी मित्राच्या लक्षात येतं, रोडोल्फोला सगळ्यांत शेवटी. त्याची काही वाक्यं गायलेलीही नाहीत, नुसती बोललेली आहेत. मग तो फक्त तिचं नाव पुकारतो. त्याला भाषांतर लागत नाही.