एनएफएल टीमची बेंच भक्कम आहे की नाही, हे ५३ जणांच्या यादीवरून कळतं का?

तुम्ही विचारलंय की एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, टीमच्या साइटवरच्या डेप्थ चार्टवर (कोणत्या जागेवर कोण आणि त्याच्यामागे राखीव कोण, याचा तक्ता) प्रत्येक जागेपुढे दोन-तीन नावं दिसतात, मग टीम भरलेली आहे असं धरायचं का? नाही. तो चार्ट बहुतेक टीममध्ये प्रसिद्धी विभाग बनवतो, कोच नाही. आणि नावापुढे नाव म्हणजे डेप्थ (राखीव बळ), या समजुतीशी माझं जुनं भांडण आहे.

७ फेब्रुवारी २०२१, सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच. टँपा बे ३१, कॅन्सस सिटी ९. लोक आजही म्हणतात, कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) मॅहोम्स, त्याचा दिवस वाईट होता. साफ चूक. त्या दिवशीची त्यांची ऑफेन्सिव्ह लाइन बघा, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे पुढचे पाच: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्यामुळे ऑक्टोबरपासून बाहेर होता. त्याच्या जागी माइक रेमर्स आला, त्याने नीट सांभाळलं, आणि सगळे म्हणाले, बघा, बेंच आहे. मग २४ जानेवारीला बफेलोविरुद्ध लेफ्ट टॅकल एरिक फिशरचं अकिलीस (टाचेमागची शीर) फाटलं. आता रेमर्सला उजवीकडून डावीकडे नेलं. त्याची उजवी जागा भरायला राइट गार्ड अँड्र्यू वायलीला टॅकलवर सरकवलं. वायलीची जागा भरायला स्टीफन विस्निएव्स्की आत आला. एक माणूस पडला आणि तीन जागा बदलल्या. फक्त लेफ्ट गार्ड अ‍ॅलेग्रेटी आणि सेंटर रायटर आपापल्या जागी राहिले.

टीव्हीवर हे 'थोडं इकडचं तिकडे' वाटतं, पण तसं नसतं. लेफ्ट टॅकल डावा पाय मागे ठेवून उभा राहतो आणि पहिलं पाऊल त्याच पायाने मागे टाकतो. राइट टॅकलचं सगळं उलट. चार महिने एका बाजूला घोटलेली पावलं दोन आठवड्यांत उलटी करायची, तीही समोर क्वार्टरबॅकवर धावून जाणारे टँपाचे शकील बॅरेट आणि जेसन पिअर-पॉल असताना. टँपाला फारसे ब्लिट्झ (चारपेक्षा जास्त जण क्वार्टरबॅकवर सोडणं) पाठवावेच लागले नाहीत. चौघांनी काम भागलं, सात जण मागे पास अडवायला मोकळे राहिले. मॅहोम्सवर २९ वेळा दबाव आला आणि चीफ्सला, म्हणजे कॅन्सस सिटीला, एकही टचडाउन करता आला नाही.

म्हणून यादी अशी वाचा. सुरुवातीचे २२ लिहा, त्यात तिसरा कॉर्नर (पास अडवणारा डिफेन्सचा खेळाडू) धरा, कारण आजकाल तोही बराच वेळ मैदानावर असतो. त्याला 'राखीव' म्हणणं जुनं झालं. आता एकेक नाव खोडा. कोण येईल एवढंच विचारू नका, किती जण हलतील ते मोजा. एकच हलला तर डेप्थ आहे. दोन हलले तर सांभाळून. तीन हलले तर ती जागा रिकामीच समजा, मग चार्टवर कितीही नावं असोत.

मग येणाऱ्याचे स्नॅप, म्हणजे तो खेळलेले डाव, बघा. प्रत्येक मॅचनंतर ऑफेन्स, डिफेन्स आणि स्पेशल टीम्सचे (किकच्या वेळच्या तुकड्या) स्नॅप वेगवेगळे जाहीर होतात. गेल्या दोन हंगामांत त्याच जागेवर, त्याच बाजूला ३०० स्नॅप, म्हणजे साधारण पाच मॅच, एवढी माझी किमान अट. प्रीसीझनचे, म्हणजे हंगामाआधीच्या सराव मॅचचे, स्नॅप यात धरू नका; चौथ्या क्वार्टरमध्ये समोर जे असतात त्यांतले बरेच जण आठवड्याभरात घरी जातात.

५३ हा आकडाही फसवा आहे. मॅचच्या दिवशी ४८ जणच कपडे चढवतात, आणि तेही ऑफेन्सिव्ह लाइनमन किमान आठ असतील तरच, नाहीतर ४७. म्हणजे लाइनच्या पाच जागांना बाकावर तीनच माणसं. त्यातला एक दोन्ही बाजूंना टॅकल खेळणारा हवा आणि एकाला सेंटरचा स्नॅप टाकता (चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देता) यायलाच हवा. सेंटर जखमी झाल्यावर शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा असताना) स्नॅप घोट्यापाशी यायला लागले की क्वार्टरबॅकची नजर डिफेन्सवरून खाली जाते आणि खेळ तिथेच बिघडतो. पाचवा लाइनबॅकर, पाचवा रिसीव्हर यांचं कौशल्य नंतर बघा. किकऑफ आणि पंटच्या तुकड्यांत नसेल तर तो बहुतेक ४८ मध्येच नसतो.

डिफेन्सिव्ह लाइनला मात्र हे गणित लावू नका. तिथे माणसं मुळातच आलटून-पालटून खेळतात. चौथ्या डिफेन्सिव्ह टॅकलला किती स्नॅप मिळतात ते बघा, पुरेसं आहे.

प्रॅक्टिस स्क्वॉडचे (५३ च्या बाहेर, सरावासाठी ठेवलेले) १६ जण डेप्थमध्ये अर्धेच धरा. एका मॅचला दोघांनाच वर आणता येतं, एका खेळाडूला हंगामात तीनदाच. शिवाय दुसरी टीम त्यांना आपल्या ५३ मध्ये घेऊन जाऊ शकते.

क्वार्टरबॅकबद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. २९ जानेवारी २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी फिलाडेल्फियात पहिल्याच ड्राइव्हमध्ये (चेंडू हाती असलेल्या पहिल्या फेरीत) जखमी झाला, नंतर त्याच्या जागी आलेला जॉश जॉन्सनही डोक्याला मार लागून बाहेर गेला, आणि पर्डीला फेकता येत नसताना परत उतरावं लागलं. लोक म्हणतात क्वार्टरबॅकची डेप्थ नव्हती. पण पर्डीच्या हातावर आदळला तो फिलाडेल्फियाचा हासन रेडिक, आणि त्याला एकट्याने अडवायला टायलर क्रॉफ्ट होता, राखीव टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू), टॅकल नव्हे. माझ्या मते प्रश्न तिथे सुरू झाला.

उलट उदाहरण २०१७ चं फिलाडेल्फिया. लेफ्ट टॅकल जेसन पीटर्स गेला तेव्हा लेन जॉन्सनसारख्या उत्तम राइट टॅकलला डावीकडे न्यायचा मोह त्यांनी टाळला. राखीव टॅकल व्हायटाय थेट पीटर्सच्या जागी आला, बाकी कोणी हललं नाही. सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ४१-३३ ने जिंकताना क्वार्टरबॅक निक फोल्सला एकदाही सॅक झाला नाही, म्हणजे चेंडू हातात असताना त्याला कोणी पाडलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. मॅहोम्सच्या पायाच्या अंगठ्याला २०२१ च्या त्या सुपर बोलमध्ये दुखापत होती, मॅचनंतर शस्त्रक्रिया झाली. त्याचा वाटा आहेच. चीफ्सचा गार्ड डुव्हर्ने-टार्डिफ कोविडकाळात आरोग्यसेवेत काम करायला हंगाम सोडून गेला होता, ते कोणत्याही मॅनेजरला आधी दिसलं नसतं. आणि ३०० ही अट नवख्या खेळाडूंना लागू पडत नाही.

पण 'बेंचवरची माणसंच कच्ची होती' म्हणणाऱ्यांनी वायलीचं पुढे काय झालं ते बघावं. चीफ्सने २०२१ च्या पहिल्या मॅचला पाचही जागी नवी माणसं उतरवली, वायली राखीव झाला. मग त्याला राइट टॅकलवर खेळवत नेलं, २०२२ चा हंगाम त्याने तिथेच काढला. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये समोर फिलाडेल्फिया होतं, त्या हंगामात ७० सॅक केलेली टीम. वायली राइट टॅकललाच होता. चीफ्स ३८-३५ ने जिंकले, मॅहोम्सला शून्य सॅक.