खानापुरात जुलैमध्ये ग्रिग्नार्ड सुरूच होत नाही, काय करावं?

फेब्रुवारीत बिनबोभाट झालेली ग्रिग्नार्ड अभिक्रिया (कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियम आणि ब्रोमोबेंझिनपासून फिनाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड बनवणं) जुलैत हलत नाही, मॅग्नेशियम तळाशी तसंच पडून राहतं, मग ब्रोमोबेंझिनच खराब आलंय का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. खानापूरच्या पावसात भिंती ओल धरतात, तिथं उघडझाप होणाऱ्या बाटलीतलं ईथर कोरडं राहील कसं?

हिशेब करून बघा. फिनाइल मॅग्नेशियम ब्रोमाइडला, म्हणजे आपल्या ग्रिग्नार्ड अभिकर्मकाला, पाणी भेटलं की त्याचं बेंझिन होतं, खेळ खलास. एक मिलिलिटर पाणी जवळपास 10 ग्रॅम अभिकर्मक फुकट घालवतं. आणि ओल जास्त असली तर अभिक्रिया मुळात सुरूच होत नाही.

चंबू, कन्डेन्सर, ड्रॉपिंग फनेल रात्रभर ओव्हनमध्ये ठेवा. बाहेर काढून टेबलावर गार होऊ देऊ नका, गरम असतानाच जोडा आणि हवेतली ओल अडवणारी कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावा. काही जण ॲसिटोननं विसळून लगेच वापरतात. ॲसिटोन हा कीटोन आहे हो, तो स्वतःच ग्रिग्नार्ड अभिकर्मक खातो! ईथर सोडियमवरून ऊर्ध्वपातन करून त्याच दिवशी वापरा. ईथर टाळता येत नाही, कारण त्यातला ऑक्सिजन मॅग्नेशियमला धरून ठेवतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर ग्रिग्नार्डनं 1900 मध्ये हेच ईथरमध्ये करून दाखवलं आणि त्याला 1912 चं नोबेल मिळालं.

आता सुरुवात. मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा थर असतो. कोरड्या खलात तुकडे थोडे चुरडा, आयोडीनचा एक खडा टाका, आणि ब्रोमोबेंझिनचा फार तर दहावा भाग सोडा. आयोडीनचा तपकिरी रंग उडतो, द्रावण गढूळ होतं, धातूवर बारीक बुडबुडे दिसतात, मग हीटर बंद असतानाही ईथर उकळू लागतं. हे दिसेपर्यंत पुढचा थेंब नाही. कंटाळून सगळं एकदम ओतलं आणि मग अभिक्रिया सुरू झाली, तर ईथर कन्डेन्सरमधून उसळून बाहेर येतं. बर्फाचं भांडं हाताशी ठेवा, आसपास ज्योत नको. पुढं ईथर आपसूक उकळत राहील इतक्याच वेगानं थेंब सोडा, घाईत बायफिनाइल हा नको असलेला पदार्थ वाढतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर सरांना सांगून हा प्रयोग दिवाळीनंतर घ्या. ब्युटाइल लिथियम या याहूनही तीव्र अभिकर्मकाचं नाव तर पावसाळ्यात काढूच नका, ते हवेतच पेट घेऊ शकतं.