खंबाटकीत तापणारी डिझेल स्विफ्ट: मॅप मारायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2012 ची डिझेल स्विफ्ट, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर एसी लावला की तापते. ट्यूनर म्हणतोय थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे वाट उघडणारा वाल्व) काढून टाकू, वर मॅप मारू, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधली फाइल बदलू, शंभर पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) देतो. माझं मत: थर्मोस्टॅट राहू द्या, शंभराचा नाद सोडा आणि गाडी तापायची थांबेपर्यंत मॅपचं नाव काढू नका.

ढोबळमानाने डिझेलमधली एक तृतीयांश ऊर्जा कामी येते. उरलेली सायलेन्सर आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वाटून घेतात. मॅप म्हणजे जास्त डिझेल आणि ते जाळायला जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा. त्यासोबत उष्णताही वाढतेच. कंपनीच्या ताकदीवरच जी गाडी घाटात तापते, तिच्यावर हा भार कशाला?

थर्मोस्टॅट काढून चढावर फारसं काही साधत नाही, कारण तिथे तो चांगला असेल तर आधीच पूर्ण उघडलेला असतो. डिसेंबरात सकाळी मात्र इंजिन गरमच होणार नाही, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) त्याला थंड समजून डिझेल देत राहील आणि अॅव्हरेज पडेल. अडकत असेल तर त्याच तापमानाचा नवा टाका.

खरा दोष बहुधा पुढच्या जाळीमागे सापडेल. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत वर्षानुवर्षांची माती नि किडे अडकतात, बाहेरून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं. बंपर उतरवून इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने पाणी मारा. वॉशिंग सेंटरवाल्याचा प्रेशर गन मारला की फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या झाल्याच. ट्रकमागे रखडत चढताना वारा मिळत नाही, तेव्हा सगळी भिस्त फॅनवर. तो एसी लावल्यावर फिरतो का आणि इंजिन तापल्यावर वेग वाढवतो का, हे उभ्या गाडीत बघा.

मग कूलंट भरायचं झाकण आणि खुद्द कूलंट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन चालतं नव्वदीत. मधलं अंतर राखतं ते झाकणाचं प्रेशर आणि कूलंटमधलं ग्लायकॉल. झाकणाचं रबर गेलं किंवा कुणी बोअरचं पाणी ओतत राहिलं, तर हे अंतर संपतं, शिवाय आत क्षार बसतात. सगळं काढून फ्लश करा, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा, हवा नीट काढा. पुण्यात नाना पेठेत रेडिएटर उघडून साफ करून देणारे भेटतील, पण प्लॅस्टिक टाक्यांच्या अॅल्युमिनियम रेडिएटरवर तो खर्च मी करणार नाही, नवाच बसवीन. एवढं करूनही गळती न दिसता कूलंट कमी होत असेल किंवा थंड इंजिनावर होज (कूलंटचा रबरी पाइप) फुगलेला असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासून घ्या. तिथे मॅपचा विषय संपतो.

ओबीडीमध्ये (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) ब्लूटूथ रीडर लावून मोबाईलवर कूलंटचं तापमान बघत तोच घाट तेवढ्याच माणसांनिशी पुन्हा चढा. शंभरीच्या खाली राहिलं तर छान. 110 कडे सरकू लागलं की एसी बंद, हीटर पूर्ण चालू (तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो), बाजूला घ्या. झाकणाला हात लावू नका.

आता मॅप. तुमचं इंजिन 75 पीएस, 190 एनएमचं (एनएम म्हणजे टॉर्कचं, ओढीचं माप), टर्बो फिक्स्ड जॉमेट्रीचा, म्हणजे त्याची पाती हलत नाहीत. याच 1.3 लिटर इंजिनाचं 90 पीएस रूप अर्टिगा नि सियाझमध्ये आलं तेव्हा त्यात व्हेरिएबल जॉमेट्री (पाती हलणारा) टर्बो होता. म्हणजे खुद्द कंपनीला नव्वदीसाठी टर्बो बदलावा लागला, आणि तुमचा ट्यूनर लॅपटॉपवर शंभर काढतोय! मी 85-88 पीएस आणि 220 एनएमच्या आत थांबेन, तेही कमी आरपीएमला टॉर्क थोडा दाबून ठेवून, नाहीतर जुना क्लच घसरू लागेल. आधी इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट (किती डिझेल मागे परततं याची तपासणी) करून घ्या. मूळ फाइलची प्रत स्वतःजवळ ठेवा. भर चढावर काळा धूर दिसला तर मॅप चुकलाय, ट्यूनर 'डिझेलला असतोच' म्हणेल, ऐकू नका. ओबीडीत खोचायच्या स्वस्त 'पॉवर चिप'मध्ये बहुतेकदा लुकलुकणाऱ्या दिव्यापलीकडे काही नसतं.

आणि हो, 2027 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील, आरसी नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणी आहे. ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारा वाल्व) बंद करून घेऊ नका, आणि मॅपबद्दल विमा कंपनीला आधी लेखी विचारा.