मुलासाठी शिवायला बसते आणि त्याच्यावरच ओरडते

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांकडून एक तक्रार इतक्या वेळा ऐकलीय की आता समोरची "मॅडम, खरं तर हौस म्हणून सुरू केलं होतं..." म्हणाली की पुढचं मला साधारण कळतं. मुलासोबत घरात हाताने काहीतरी करायचं ठरवतात, शिवण, क्रोशे, आकाशकंदील, काहीही, आणि अर्ध्या तासात घरात रडारड. खारघरची एक आई लेक झोपल्यावर तिने चिकटवलेल्या टिकल्या काढून परत सरळ रेषेत लावायची. ऐरोलीचे एक बाबा कंदील करताना मुलाच्या हातातली काडी काढून घ्यायचे आणि "तू फक्त डिंक धर" म्हणायचे, मग मुलगा उठून टीव्ही लावायचा आणि बाबा चिडायचे. शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच, माझ्यात पेशन्सच नाहीत का?

पेशन्सचा प्रश्न फार थोड्या घरांत असतो असं माझं मत आहे. का ते एका केसवरून सांगते. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

घोडबंदर रोडला राहणारी, आधी आयटीत होती, बाळंतपणानंतर नोकरी सोडली ती सोडलीच. साडेचार वर्षांचे चिरंजीव. रील्स बघून बघून मोटरवालं मशीन घेतलं, जांभळी नाक्याला जाऊन लेस, बटणं, अस्तर सगळं भरून आणलं. आणि आता कपाटात एक अर्धं दुपटं, एक बिनसोंडेचा कापडी हत्ती आणि एका पायाचा नाइट सूट.

"मॅडम, मी सगळं त्याच्यासाठीच शिवते हो, आणि तोच शिवू देत नाही. परवा टीप मारत होते तर हा खालून आला आणि पायडलवर उभाच राहिला. सुई तुटली. मी एवढी ओरडले ना, की खाली वॉचमनला ऐकू गेलं असेल."

"मग?"

"मग तो रडला. मग मी रडले. मग आम्ही मॅगी खाल्ली."

हसलो दोघी. पण ती लगेच म्हणाली, "रोज असंच चाललंय."

ती मशीनवर बसते तेव्हा तो काय करत असतो ते मी विचारलं, तर म्हणाली त्याला ॲक्टिव्हिटी दिलेली असते. म्हणजे काय, तर आदल्या रात्री ही बसून फेल्टचे आकार कापणार, बटणं रंगाप्रमाणे वाटणार, ट्रे लावणार. तो ट्रे चार मिनिटांत संपतो. त्यात भर म्हणजे वीस मिनिटं शांत बसलास तर एक स्टार, पाच स्टारला चॉकलेट.

स्टारचं आधी उरकते कारण हे घरोघरी चालतं. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, स्टॅनफर्डच्या बालवाडीतला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांच्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर छान सर्टिफिकेट मिळेल. ती मुलं पुढे मोकळ्या वेळात स्केचपेनकडे कमी जायला लागली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं त्यांची आवड टिकली. तेव्हा ज्या कामात मूल आपणहून रमतं त्याला चॉकलेट लावू नका, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पण तिची गाठ स्टारमध्ये नव्हती. पहिल्या काही सेशन्सना आम्ही राग, झोप, नवऱ्याचे शब्द ("बाहेर साडेतीनशेला रेडिमेड मिळतं") हेच बोलत राहिलो. मग एकदा बोलता बोलता ती म्हणून गेली की तिची आई शिवणकाम करायची, डोंबिवलीला, चाळीत, दाराशीच पायमशीन. मी जरा सरसावले.

"आई शिवत असताना तुम्ही काय करायचात?"

"काही नाही. मशीनच्या बाजूला खाली बसायचे. चिंध्या गोळा करायचे, बाहुलीला गुंडाळायचे. मागितला की खडू द्यायचे."

"आई खेळायची तुमच्याशी?"

"छे! तिला कुठे वेळ. दिवाळीत, लग्नसराईत तर ब्लाऊजचा ढीग असायचा."

"ओरडायची?"

इथे ती बराच वेळ गप्प बसली. मी पण काही बोलले नाही, अशा वेळी बोलायचं नसतं हे इतक्या वर्षांत कळलंय.

"पट्ट्याला हात लावला तर धपाटा मिळायचा. पण असं नाही ओरडायची. ती तिचं काम करायची, मी तिथे असायचे, बस." आणि मग हळूच, "तिला कोणी विचारायचंच नाही ना कशाला शिवतेस म्हणून. पैसे यायचे त्यातून."

हेच ते. मी तिला ते वाक्य परत म्हणायला लावलं. आईच्या मशीनला घरात मान होता कारण त्यावर घर चालायचं. हिच्या मशीनवर काहीच चालत नाही, ती हौस आहे, आणि शिकलेल्या, नोकरी सोडलेल्या बाईच्या हौसेला आपल्याकडे कारण द्यावं लागतं. म्हणून तिने कारण शोधलं, मुलासाठी शिवते. नवऱ्याला तेच, सासूबाईंना तेच, स्वतःलाही तेच. आता एकदा मुलासाठी म्हटलं की तो खूश दिसायला हवा, त्याने सोबत रमायला हवं, त्यातून काही शिकायला हवं, आणि झालेला हत्ती हत्तीसारखा दिसायला हवा. तिची हौस रास्त आहे हे सिद्ध करायची जबाबदारी साडेचार वर्षांच्या पोरावर येऊन पडली होती, आणि तो बिचारा फक्त पायडल दाबून बघत होता. ओरडणं त्या पायडलसाठी नव्हतंच.

हे मी तिला सांगितलं नाही, विचारलं, "ह्या सगळ्यात तुमच्यासाठी काय शिवलंत?" ती म्हणाली, "माझ्यासाठी? नाही हो, तेवढा वेळ कुठे." आणि स्वतःच थांबली. मला हे क्षण फार आवडतात, खोटं कशाला बोलू, ह्याच्यासाठीच हे काम करते.

मी विनिकॉटच्या वाटेने जाणारी. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले मुलांचे डॉक्टर, पुढे मनोविश्लेषक झाले. १९५८ साली छापून आलेल्या एका लेखात त्यांनी म्हटलंय की मूल एकटं रमायला शिकतं ते आपलं माणूस जवळ असताना, पण ते माणूस त्याच्याकडून त्या वेळी काही मागत नसताना. म्हणजे जवळ असणं वेगळं आणि सतत गुंतवून ठेवणं वेगळं. डोंबिवलीच्या त्या बाईंनी विनिकॉट वाचला नव्हता, ब्लाऊज वेळेवर द्यायचे होते म्हणून ते आपोआप झालं. (चाळीतल्या गरिबीचं कौतुक करत नाहीये. त्या बाईंचं आयुष्य सोपं नव्हतंच.)

म्हणून मी तिला गृहपाठ दिला, ॲक्टिव्हिटी बंद, ट्रे बंद, स्टार बंद. स्वतःसाठी कुर्ता शिवायचा, दिवसाउजेडी, तो घरात असताना. त्याला एवढंच सांगायचं की मी माझा कुर्ता शिवतेय, ही तुझी जागा, हा तुझा डबा.

डब्यात काय ठेवायचं हे सगळ्याच विचारतात. कात्रणं, संपलेली रिळं, टेप, जुनी लेस. शाळेत शिवणाला वापरायचे ते मॅटी कापड फार उपयोगी, मोठ्या भोकांचं, त्यावर चार-पाच वर्षांचं मूल धावदोरा घालू शकतं. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची घ्या, आणि दोरा नेढ्यातच गाठ मारून ओवून द्या म्हणजे दर मिनिटाला "आई, निघाला" होत नाही, अर्ध्या चिडचिडीचं मूळ तिथेच असतं. त्याहून लहान असेल तर पुठ्ठ्याला पंचने भोकं पाडा आणि बुटाची नाडी द्या. तीन वर्षांखाली बटणं, मणी अजिबात नाहीत, थेट तोंडात जातात. टाचण्या मोजून काढा आणि मोजून ठेवा. मशीनवरून उठताना, दाराची बेल वाजली तरी, आधी प्लग काढायचा. पायमशीन असेल तर पट्टा उतरवून ठेवायचा. आणि हे नियम तेवढे कडक, बाकी त्याने त्या डब्यात काय करायचं ते त्याचं.

विकतचे महागडे क्राफ्ट किट घेऊ का असंही विचारतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यात, १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालवाड्या चालवल्या, शिंपले, बिया, पानं, मिळेल ते साहित्य म्हणून वापरलं. मला तरी किटची गरज वाटत नाही.

तर गृहपाठाचं काय झालं? पहिला आठवडा वाईट. तो सारखा मांडीवर चढायचा, तिने दोनदा मशीन बंद केलं, एकदा ओरडली. फोनवर म्हणाली हे जमणार नाही. मी म्हटलं ओरडलात ते कशासाठी, तर म्हणाली "कापड महाग आहे आणि त्याने कातरीने खेळायला घेतलं." म्हटलं ह्यासाठी आईने ओरडायचंच असतं. त्यानंतर कुठेतरी पंधरा-वीस दिवसांत तो डब्याशी टिकायला लागला, दहा मिनिटं, कधी अर्धा तास, कधी नाहीच. एक दिवस त्याने मॅटीवर वाकडेतिकडे टाके घातले, मध्येच एक टाका उलटा, आणि त्याला "हा माझा पट्टा" म्हणून नाव दिलं.

"मी उसवून सरळ केला नाही मॅडम. फोटो पण नाही काढला."

हे तिने अशा थाटात सांगितलं की जणू दहावीचा निकाल लागलाय. मी वरवर "छान" म्हटलं, आतून मला तिच्यापेक्षा जास्त बरं वाटलं होतं.

कुर्ता झाला. गळा जरा मोठा झालाय म्हणते. नवऱ्याने "हा कितीला पडला" विचारलं, तर तिने कापडाची किंमत सांगितली आणि पुढे काही समजावत बसली नाही. माझ्या लेखी त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं काम हेच, कुर्त्यापेक्षासुद्धा.

एक मात्र बघा. चिडचिड फक्त मशीनपाशी होत नसेल, जेवताना, अंघोळीला, दिवसभर होत असेल, झोप उडाली असेल, हात उगारला जात असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर वरचे उपाय करत बसू नका. कुणाशी तरी नीट बोला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आता तिचा नवीन प्रश्न आहे. सोसायटीतल्या दोघींनी बाळासाठी गोधड्या शिवून मागितल्यात, पैसे देऊन. घेऊ का म्हणून विचारत होती. मी विचारलं, "पैसे आले तर काय बदलेल?" म्हणाली, "घरात मशीनला मान मिळेल." आणि मग हसून, "नको मॅडम, आधी एक सलवार शिवते."