गल्लीतून सुसाट जाणाऱ्या गाड्यांना रहिवाशांनी आवर कसा घालायचा?

तुम्ही विचारलंय की गल्लीत गाड्या सुसाट जातात, तर सोसायट्यांनी वर्गणी काढून स्वतःच गतिरोधक घालावा का. नका घालू. रस्ता महापालिकेचा आहे. रात्रीतून डांबर-खडी ओतून केलेला उंचवटा बेकायदा ठरतो आणि त्यावरून एखादी स्कूटर घसरली, तर वर्गणीचा हिशेब ज्याच्या वहीत आहे त्यालाच आधी बोलावणं येईल. शिवाय तो धड होतही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किमीने गाडी अलगद पार होईल असा. आपण घालतो तो वीतभर रुंदीचा बांध. पोरं त्यावरूनही गाडी उडवतात, कंबर मोडते ती मागे बसलेल्या आजींची.

आम्ही पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्ता आणि पौड रस्त्याच्या मधल्या भागात राहतो. मेट्रोचं काम चालू असताना मोठा रस्ता तुंबला की सगळे आमच्या गल्लीत शिरायचे. २०२२ मध्ये मेट्रो धावायला लागली, पण आत शिरायची सवय राहिली ती राहिलीच. आम्ही सुरुवात केली मोजण्यापासून, आणि तुम्हीही तिथूनच करा.

टेपने २५ मीटर मोजून रस्त्याच्या कडेला खडूच्या दोन रेघा मारायच्या आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसायचं. हे अंतर तीन सेकंदांत कापलं तर वेग ताशी ३०, दोन सेकंदांत कापलं तर ४५. वहीत वेळ, वाहनाचा प्रकार आणि सेकंद एवढंच टिपायचं, गाडीचे नंबर नकोत. या कामाला निवृत्त काका लोकांसारखी माणसं नाहीत. एकदा खुर्ची टाकली की चहा आला तरी नजर हटत नाही. अर्थात हा पुरावा दंडासाठी चालत नाही, त्याला पोलिसांची स्पीडगनच लागते. पण 'गाड्या फार जोरात जातात' या वाक्याला वॉर्ड ऑफिसात कोणी विचारत नाही, तासवार तक्त्याला विचारतात.

तक्त्यातून खरी गंमत कळते ती म्हणजे जोरात जाणारं कोण. सकाळी शॉर्टकटवाले, जेवणाच्या वेळी डिलिव्हरीवाले, आणि संध्याकाळी क्लास सुटला की आपलीच पोरं, आपल्याच सोसायटीतली.

डिलिव्हरीच्या मुलांचं म्हणाल तर आमच्याकडे फाटकावर वहीत नोंद करा, गाडी बाहेर लावा, लिफ्ट वापरू नका असा थाट होता. तिथे गेलेली पाच-सात मिनिटं तो गल्लीतच भरून काढणार ना! नोंद आणि लिफ्टची अट काढली, तेव्हा निम्मी धावपळ आपोआप थांबली. ऑर्डर करून दर मिनिटाला 'कुठे आलास?' म्हणून फोन करणारेही आपणच.

पोरांचं अवघड. पोराला रस्त्यात अडवून दम देऊ नका, कानाखाली तर मुळीच नको. वाद आई-बापांवर जातो आणि वेग तसाच राहतो. त्याच्या घरी जाऊन चहा घेत बोला. मुलगा अठराच्या आतला असेल तर मोटार वाहन कायद्यातलं कलम १९९अ सांगा: पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीच्या धडकेत दोघांचा जीव गेला, त्यानंतर हे पालक ऐकून तरी घेतात. आणखी एक सांगा. ताशी ५० ने जाणारी गाडी, समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच साधारण १४ मीटर पुढे जाते. ३० वाली तेवढ्या अंतरात जवळपास थांबलेली असते.

शॉर्टकटवाल्यांना मात्र रस्त्यानेच अडवायला हवं. सरळ, रुंद, मोकळी गल्ली दिसली की पाय ॲक्सिलरेटरवर जातोच. कोपऱ्यावरच्या गाड्या हटवून तिथे झेब्रा पट्टे, पार्किंग टप्प्याटप्प्याने कधी डाव्या तर कधी उजव्या बाजूला, आणि शाळेपाशी एखादा नियमातला गतिरोधक, अशी मागणी करा. गतिरोधक महापालिकेचा पथ विभाग करतो आणि त्याला वाहतूक पोलिसांची संमती लागते. पार्किंगचा आदेशही वाहतूक शाखेचाच. म्हणून अर्ज दोन्हीकडे द्या, सोबत तक्ता आणि सगळ्या सोसायट्यांच्या लेटरहेडवर सह्या. एकाच सोसायटीचा अर्ज गेला की शेजारची सोसायटी 'आमच्या दारात गतिरोधक नको' म्हणून उलटा अर्ज करते, हे ठरलेलं. पोच घेताना आवक क्रमांक घ्या, पुढचा सगळा पाठपुरावा त्याच आकड्यावर होतो. आमच्याकडे पट्टे लवकर मारून मिळाले. गतिरोधकाला बराच वेळ लागला आणि मागितले होते त्याहून कमी मिळाले, पण शाळेपाशी झाला तो तरी नियमातला आहे.