थांबलो आणि महाग पडलं

ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा, म्हणजे 2020 साली, त्याने सोनीचा प्लेस्टेशन 5 हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, मागितला. मी म्हटलं, दोन-तीन वर्षं थांब, किंमत उतरतेच. आता तो चौदा वर्षांचा आहे, किंमत उतरायच्या ऐवजी चढली आहे आणि तो मला रोज ऐकवतो. माझं गणित कुठे चुकलं?

तुमचा ठोकताळा बरोबर होता आणि त्याला आधारही होता. अमेरिकेत प्लेस्टेशन 2 ऑक्टोबर 2000 मध्ये 299 डॉलरला आला. 2002 मध्ये तो 199 झाला, 2004 मध्ये 149, 2006 मध्ये 129 आणि 2009 मध्ये 99. मी एका गेम स्टुडिओत अकरा वर्षं हिशेब सांभाळले. आमची तीन-चार वर्षांची अंदाजपत्रकं या उतरणीवरच उभी असायची. मशीन 199 ला आलं की घराघरात शिरणार, आणि आपला गेम तेव्हा तयार हवा, असं आम्ही धरून चालायचो.

ही उतरण यायची चिपमधून. तेच सर्किट दर दोन-तीन वर्षांनी आणखी बारीक करून छापता यायचं. सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त चिप्स निघायच्या. चिप लहान झाली की ती कमी तापायची, मग पंखा लहान, वीजपुरवठ्याचा भाग लहान, डबा लहान आणि जहाजाच्या एका कंटेनरमध्ये जास्त डबे. एका बदलातून पाच-सहा ठिकाणी पैसे वाचत. आता चिप बारीक होते, पण नव्या पद्धतीच्या चकतीची किंमतच इतकी चढली आहे की बारीक झाली म्हणून ती स्वस्त होत नाही. त्यात महागाई आली, चलनांची घसरण आली आणि 2025 मध्ये अमेरिकेचं वाढीव आयात शुल्क आलं. प्लेस्टेशन 5 तिथे 499 चा 549 झाला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स 499 वरून एकाच वर्षात दोनदा वाढून 649 वर गेला. निन्टेन्डोचा स्विच 2017 साली 299 ला आला होता, आणि आठ वर्षांचा जुना झाल्यावर, त्याची पुढची आवृत्ती बाजारात असताना, तो 339 झाला. हे वाचून मी आकडा पुन्हा तपासला होता. इतक्या वर्षांच्या कामात असं कधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक कारण मला तितकंच मोठं वाटतं. किंमत उतरायला मागे कुणीतरी धावत असावं लागतं. 2006 मध्ये प्लेस्टेशन 3 चं मोठं मॉडेल 599 ला होतं, समोर एक्सबॉक्स 360 हा 399 ला आणि निन्टेन्डोचा वी 250 ला. सोनीला खाली यावंच लागलं. आज निन्टेन्डो आपल्या वेगळ्या वाटेने चालतं, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःचे गेम प्लेस्टेशनवरही विकतं. मग घाई कुणाला?

तरीही तुमच्या मुलाचं नुकसान झालं, असं मला वाटत नाही. मशीनवर जास्त पैसे जातील, पण पहिल्या तीन-चार वर्षांतले चांगले गेम आता सेलमध्ये निम्म्याने किंवा त्याहून कमी भावात मिळतात. 70 चे दहा गेम तेव्हा घेतले असते तर 700 लागले असते. तेच आज 30 च्या आसपास मिळाले तर 300. त्याच्यासोबत बसून यादी करा आणि हा हिशेब त्यालाच मांडू द्या.

कंपन्या कन्सोल तोट्यात विकतात असं ऐकतो. हे खरं आहे का? जाणूनबुजून तोटा कोण करून घेईल?

आवळा देऊन कोहळा काढायचा असेल तर आवळ्याचं दुःख नसतं. प्लेस्टेशन 3 बाजारात आल्यावर आयसप्लाय या संस्थेने तो उघडून सुटे भाग मोजले. 599 डॉलरच्या मॉडेलचा खर्च त्यांच्या अंदाजाने 840 च्या आसपास होता. गेम बनवणारी एपिक कंपनी विरुद्ध अॅपल या खटल्यात, 2021 मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही. सगळे मात्र असं करत नाहीत. निन्टेन्डोने वी पहिल्यापासून नफ्यात विकला. प्लेस्टेशन 5 चं डिस्कवालं मॉडेल तर वर्षभरातच तोट्यातून बाहेर आल्याचं सोनीने ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलं.

कोहळा म्हणजे त्या मशीनच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधला साधारण 30 टक्के वाटा. पण एवढ्यावर थांबलात तर अर्धीच गोष्ट कळेल. खेळणारे तिथे जातात जिथे गेम आहेत, आणि गेम करणारे तिथे जातात जिथे खेळणारे आहेत. दोघांपैकी आधी कुणाला आत घ्यायचं? जो जास्त का-कू करतो त्याला स्वस्तात, आणि जो आपल्या गरजेने येणारच आहे त्याच्याकडून वसुली. ज्यां-शार्ल रोशे आणि ज्यां तिरोल या अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्ये अशा दुहेरी बाजारांचा सिद्धांत मांडला. तिरोल यांना पुढे 2014 चं नोबेल मिळालं. कन्सोल हे त्या सिद्धांताचं नेहमीचं उदाहरण आहे.

ही वसुली सुरुवातीपासून नव्हती. अटारी या अमेरिकी कंपनीने 1977 मध्ये आपलं मशीन आणलं तेव्हा त्याला फाटकच नव्हतं. 1979 मध्ये तिथले चार प्रोग्रॅमर बाहेर पडले, त्यांनी अॅक्टिव्हिजन या कंपनीची पायाभरणी केली आणि अटारीच्याच मशीनसाठी गेम विकायला लागले. त्यांचे गेम उत्तम होते. मागून आलेल्या अनेकांचे मात्र नव्हते. दुकानं न खपलेल्या मालाने भरली, भाव कोसळले आणि 1983 मध्ये अमेरिकेतला हा धंदा बसला. निन्टेन्डोने ते पाहिलं होतं. त्यांनी मशीनमध्ये कुलपाची चिप घातली, कार्ट्रिज फक्त आपणच बनवून देणार असा नियम केला आणि एका कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा दिली. आजच्या टोलची मुळं त्या कुलपात आहेत.

कन्सोलवाल्यांचा टोल मी एका मर्यादेपर्यंत समजू शकते, कारण मशीनचा धोका ते पत्करतात. कंप्युटरवरच्या स्टीम या दुकानाने मशीन स्वस्तात देऊन कुणाला आत आणलं नव्हतं, तरी तिथेही 30 टक्केच. त्यात 2018 पासून त्यांनी एक कोटी डॉलरपुढच्या विक्रीवर 25 आणि पाच कोटींपुढच्या विक्रीवर 20 टक्के असा दर केला. म्हणजे सवलत मोठ्यांना, आणि चार माणसांचा स्टुडिओ पूर्ण वाटा भरणार. हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं.

सगळ्यांच्या किमती इतक्या सारख्या कशा? आतून संगनमत असतं का?

मला तसं दिसत नाही. 2020 मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघंही समोरच्याने आधी तोंड उघडावं म्हणून थांबले होते. मायक्रोसॉफ्टने 9 सप्टेंबरला 499 सांगितलं, सोनीने आठवड्याने तेवढंच सांगितलं. आधी बोलणाऱ्याचं काय होतं ते 1995 मध्ये सेगाने अनुभवलं होतं. लॉस एंजेलिसच्या पहिल्या ई-थ्री प्रदर्शनात त्यांनी सॅटर्न हा आपला कन्सोल 399 डॉलरला आणल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘299’ एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

मी कॉलेजात शिकतो. डिस्कचा ड्राइव्ह नसलेलं मॉडेल स्वस्त पडतं. तेच घेऊ का?

तू काय खेळतोस त्यावर आहे. मित्रांबरोबर एकच ऑनलाइन गेम वर्षभर खेळणार असशील तर खुशाल घे, ड्राइव्हवर धूळच बसेल. पण गोष्ट असलेले गेम एकदा संपवून बाजूला ठेवणारा असशील तर घेऊ नकोस.

ड्राइव्ह नसला की तुझ्यासाठी जगात एकच दुकान उरतं, आणि ते मशीन बनवणाऱ्याचं. भाव तोच ठरवणार, सेल कधी लावायचा तेही तोच. डिस्क असली की 70 ला घेतलेला गेम महिन्याभराने 40 ला विकता येतो, म्हणजे तो तुला 30 ला पडला. प्लेस्टेशन 5 च्या दोन मॉडेल्समधला फरक 2025 मध्ये अमेरिकेत 50 डॉलर होता. असे दोन गेम विकलेस की तो भरून निघतो.

जुन्या गेमची विक्री किती नाजूक जागी बोट ठेवते ते 2013 मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जुन्या डिस्क विकण्यावर बंधनं आणि दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी असे नियम सांगितले, किंमतही 499. सोनीने 399 सांगितलं आणि आमच्याकडे डिस्क द्या, घ्या, विका, काही अडचण नाही असंही सांगितलं. लोक इतके चिडले की मायक्रोसॉफ्टने दोन आठवड्यांच्या आत नियम मागे घेतले.

जुना गेम विकला जातो तेव्हा तो बनवणाऱ्याला एक पैसाही मिळत नाही. आमच्या स्टुडिओत यावरून वाद व्हायचे, आणि मी नेहमी विकणाऱ्याच्या बाजूने बोलायचे. विकून आलेल्या पैशातूनच तो पुढचा नवा गेम घेतो. आणि पैसे देऊन घेतलेली वस्तू त्याची आहे.

नवे गेम 70, आता 80 डॉलर! ही लूट नाही तर काय?

2005 पासून पंधरा वर्षं मोठ्या गेमची किंमत 60 डॉलरवर थांबलेली होती. 2005 चे 60 डॉलर म्हणजे 2025 चे जवळजवळ 100. त्या हिशेबाने 80 चा गेमही तेव्हापेक्षा स्वस्त आहे. कंपन्या हे तुम्हाला सांगतात. या काळात गिऱ्हाइकं कितीतरी वाढली, निम्म्याहून जास्त विक्रीत डिस्क, डबा, वाहतूक हा खर्च उरला नाही, आणि विशेष आवृत्ती, सीझन पास, पोशाख, हत्यारं असं वरून विकायला मिळालं, हे मात्र त्या सांगत नाहीत. म्हणून महागाईचा दाखला मी अर्धाच मानते.

खर्च मात्र खरोखर सुटला आहे. 2023 मध्ये अमेरिकेत एका खटल्याच्या कागदपत्रांत काळ्या पेनाने खोडलेले आकडे नीट झाकले गेले नव्हते, त्यामुळे ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमचा खर्च 22 कोटी डॉलर असल्याचं बाहेर आलं. एवढा खर्च एखाद्या बाहेरच्या प्रकाशकाने केला असता तर 70 डॉलरमधून दुकानाचे 30 टक्के वजा जाऊन त्याच्या हाती 49 उरले असते. नुसता खर्च निघायला पूर्ण किमतीच्या सुमारे 45 लाख प्रती. जाहिरात यात धरलेली नाही.

माझ्या लेखी लुटीची कसोटी वेगळी आहे. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1972 मध्ये दाखवलं की टिकाऊ वस्तू एकटाच विकणारासुद्धा एका स्पर्धकापासून सुटत नाही, आणि तो स्पर्धक म्हणजे तो स्वतः, पुढच्या वर्षीचा. गिऱ्हाइकाला ठाऊक असतं की हा उद्या भाव उतरवणार, म्हणून ते थांबतं. गेमचा बाजार असाच चालतो. उतावळा 70 देतो, सबुरीचा 35, त्याहून सबुरीचा 20. जोवर थांबणाऱ्याला काहीतरी मिळतं तोवर मी याला लूट म्हणणार नाही.

निन्टेन्डो हीच वाट बंद करतं. ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’ 2017 मध्ये 60 डॉलरला आला आणि कित्येक वर्षं त्याची मूळ किंमत तिथेच राहिली. थांबून उपयोग नाही हे त्यांनी गिऱ्हाइकाला शिकवून ठेवलं आहे. मशीनच्या बाबतीत मात्र त्यांनी भाव उतरवलाही आहे. 3डीएस हे हातातलं मशीन 2011 मध्ये 249 ला आणलं, खपेना, म्हणून सहा महिन्यांच्या आत थेट 169 केलं. आधी घेणारे फसवले गेल्यासारखे झाले. कंपनीने त्यांना वीस जुने गेम फुकट दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी आपला पगार काही काळ निम्मा केला. भाव उतरवताना आधी विश्वास ठेवणाऱ्यांची इतकी आठवण ठेवलेली मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही.

आम्ही दोघी मैत्रिणींनी दोन वर्षं खपून पहिला गेम केला आहे. पाच-सहा तासांचा आहे. 8 डॉलर ठेवू का? लोक नवख्यांचा गेम महाग घेतील का?

8 ठेवू नका. आमच्या सहा जणांच्या स्टुडिओचा पहिला गेम मी हट्टाने 10 ला लावायला सांगितला. भीती हीच, तुमची आहे तीच. पहिल्या आठवड्यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला पहिल्या मोठ्या सेलमध्ये. 10 चे निम्मे 5, त्यातून दुकानाचे 30 टक्के गेले की साडेतीन, मग कर, मग परत केलेल्या प्रती. सहा जणांत वाटायला काही उरलं नाही आणि आणखी सवलत द्यायला जागाही नव्हती. 15 असते तर तिसरा हिस्सा कमी करूनही 10 राहिले असते. आणि एकदा खाली लावलेली किंमत वर नेता येत नाही. मी प्रयत्न केला होता. आठवडाभरात रागाच्या प्रतिक्रियांनी पान भरलं आणि आम्ही ती परत खाली आणली.

तुम्हा दोघींना मी 15 सुचवते, आणि पहिल्या आठवड्यात 10 टक्के सूट. ज्यांनी गेम इच्छायादीत टाकला आहे त्यांना तो बाजारात आल्याचा निरोप जातोच. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, तेव्हा सुरुवात रेंगाळत ठेवू नका, तुमचं सगळ्यात चांगलं काम पहिल्या दोन तासांत दिसू द्या. निम्म्या किमतीचा सेल निदान वर्षभर लावू नका, दुकानाकडून कितीही आमंत्रणं आली तरी. आणि तारीख ठरवण्याआधी दोघींचा दोन वर्षांचा पगार कागदावर मांडून बघा, तुम्ही घेतला नसलात तरी. 15 मधून हातात येणाऱ्या साडेदहाने त्याला भागा. जो आकडा येईल तेवढ्या प्रती तुम्हाला विकायच्या आहेत.