परीकथेच्या चित्रपटांतले झगे इतके तरंगते कसे दिसतात? रंगमंचावरच्या संगीतिकेतही (गाण्यानाचाच्या नाटकातही) तेच कपडे चालतात का?

सगळी गंमत थरांची आहे. २०१५ च्या ‘सिंड्रेला’ चित्रपटातला वेशभूषाकार सँडी पॉवेल यांचा निळा झगा आठवा. एकच जाड निळं कापड वापरलं असतं तर ते पडद्यासारखं लोंबलं असतं. त्यांनी निळ्या, जांभळट छटांची तलम, आरपार दिसणारी कापडं एकावर एक चढवली. नायिका गिरकी घेते तेव्हा प्रत्येक थर किंचित मागेपुढे हलतो, म्हणून रंग पाण्यासारखा हलल्यागत वाटतो. बुटाची मात्र फसवणूक आहे! स्फटिकाचा बूट बनवला होता, पण तो घालून चालणं अशक्य. नटीच्या पायात चामड्याचा होता, काच संगणकावर चढवली.

रंगाचाही हिशेब असतो. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’च्या मूळ पुस्तकात नायिकेचे बूट चंदेरी आहेत, १९३९ च्या चित्रपटात ते लाल झाले, कारण टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत चित्रणाच्या त्या काळच्या तंत्रात, लाल खुलतो.

संगीतिकेत हेच कपडे? नाही चालत. तिथे रीटेक नसतो, रोज घाम, रोज नाच, वर माइकची डबी लपवायची. काखेत हात उचलायला जागा ठेवतात, बटणं दिसायला खरी पण उघडायला वेल्क्रो किंवा टिचबटणं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या भागातल्या २०१३ च्या ‘सिंड्रेला’ संगीतिकेत तर वेशभूषाकार विल्यम आयव्ही लाँग यांनी फाटका पोशाख प्रेक्षकांसमोरच झग्यात बदलून दाखवला. मला विचाराल तर संगणकाच्या जादूपेक्षा हे जास्त अवघड.